कॉफीचा वास नीट सांग

शुक्र. १६ जाने.
ठरलं. शनि-रवि रुप्याची ईको, मी आणि दर्शू. डहाणू रोडपासून तलासरीपर्यंत जिथे खरी कॉफी मिळते तिथे जायचं. बटण दाबून फेस येतो ती नाही. बिया दळून करतात ती.

रुप्या म्हणाला, "फिरायचंच तर दमणला जाऊ ने." मग त्याला खरं कारण सांगितलं. दर्शूला विचारूनच सांगितलं. तो म्हणाला, "गाडी धुऊन आणतो."

कारण हे की दिवाळीतल्या तापापासून दर्शूला वास येत नाही. कसलाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज उग्र वास घेत राहायचं, लवंग, लिंबू, कॉफी, काहीही. परत येतो बऱ्याच जणांचा. कधी ते सांगता येत नाही. घरी लवंगा हुंगून झाल्या, लिंबू झालं. घरातली कॉफी म्हणजे सर्दीत प्यायची पुडी.

आणि तिच्या आईला, वनिताकाकीला, यातलं काही माहीत नाही. तिची पोरगी रोज सुके बोंबील हुंगून पिशव्या भरते. ओल धरलेला बोंबील डोळ्यांना कळत नाही, नाकालाच कळतो. परवा कासाच्या बाजारात एका बाईने पिशवी परत आणून आपटली, आख्खी आंबलेली. काकी सगळ्यांसमोर दर्शूला म्हणाली, "नाक कुठे ठेवून आलीस?" दर्शू तिथे हसली. इथे येऊन माझ्या ओट्यावर रडली.

माझी बारावी अर्धी, आयटीआय अर्धं, सुरतची नोकरी तर पावही नाही. हे पुरं करणार.

शनि. १७
सकाळी उशीर. माझ्यामुळे. डहाणू रोडला जत्रेचा आकाशपाळणा ट्रकमधून उतरवत होते, मी जरा हात लावायला गेलो. मग नट कसायला लागलो. दर्शू शेजारी येऊन उभी. "नित्या, तुझा पाळणा झाला असेल तर माझं नाक राहिलंय."

पहिलं दुकान मोबाईलवाल्याच्या वर, लोखंडी जिना चढून. मोठ्या कॉलरचा पोरगा, हातावर कपाचं गोंदण. बिया दळताना दर्शूने मशीनमध्ये जवळजवळ तोंडच घातलं. तो म्हणाला, "मॅडम, केस."
वास: नाही.

मला म्हणाली, "कसा येतोय? सांग."
"कॉफीसारखा."
"डोंबल तुझं. नीट सांग."

मी पुन्हा हुंगलं. कधी असं नीट हुंगलंच नव्हतं. म्हटलं, भाजलेल्या शेंगदाण्याचं साल हातात चोळल्यावर येतो तसा. आणि मागून थोडा नव्या चपलेचा. रुप्या म्हणाला, "चपलेचा वास प्यायला एवढे जिने चढलो?" दर्शू हसली. पण डोळे मिटून बसली होती. ऐकत.

दुपारी बोर्डीच्या वाटेवर चिकूच्या वाडीत. झाडाखाली चार टेबलं. मालकीणबाई साठीच्या, रुप्याशी लगेच गुजरातीत सुरू. दर्शूचं कळल्यावर आतून तीन बरण्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "डोळे बंद, बेटा. सांग कशात काय आहे."

पहिली बरणी. दर्शूने दम ओढला आणि ओरडली, "आला! आला रे! कॉफी! कडक!"
रुप्या नाचायला लागला, फांदी डोक्याला लागली तरी नाचत होता.

मी बरणी बघितली. चिकूच्या सुकवलेल्या चकत्या. बाईंनी माझ्याकडे बघितलं, हळूच झाकण लावलं आणि म्हणाल्या, "केक देते, थांबा."

केक चांगला होता. माझा मी रुप्याच्या बशीत सरकवला.

संध्याकाळी आमच्या चिखल्याच्या किनाऱ्यावर तिला म्हटलं, "बरणीत चिकू होते."
ती पायाने वाळू उकरायला लागली. "तुम्ही दोघं असे बघत होतात, जसा काय बोर्डाचा निकाल."
"म्हणून खोटं?"
"आईसमोर दिवाळीपासून तेच करतेय. बोंबील नाकाशी धरायचा, हं म्हणायचं, पिशवीत टाकायचा. सवय लागली रे."
"माझ्यासमोर नको."
"बरं."
"रुप्यासमोर पण. त्याचं टाळकं फुटेल."

रवि. १८
रुप्याला सगळं सांगितलं. टेंगूळ चोळत म्हणाला, "म्हणजे मी फुकट नाचलो ने?" पण गाडी काढली.

तलासरीच्या पुढे, हायवे सोडून आत, पत्र्याची शेड. लहानू चालवतो. मुंबईत हॉटेलात होता, परत आला. बिया स्वतः भाजतो, घरच्याच कढईत, चुलीवर. पाटी नाही. ज्याला कळतं तो येतो, म्हणाला. आम्हाला कालच्या जत्रेच्या ट्रकवाल्याने सांगितलं होतं.

मी आणि रुप्या चुलीशी. लहानू हॉटेलातल्या गमती सांगत होता, ऐकता ऐकता कढईकडे लक्ष नाही कोणाचं. दर्शू बाहेर, आमच्याकडे पाठ, एका लंगड्या कोंबडीला शेव टाकत बसलेली. तिथूनच मान वळवली. "काय जळतंय?"

खरंच जळत होत्या. काळ्याकुट्ट.

रुप्याने दोन्ही हात वर केले. दर्शू म्हणाली, "नाचू नकोस. मला माहीत नाही."
"अगं, तूच म्हणालीस!"
"घशात खवखवलं. वास होता का नुसता धूर, नाही सांगता येत. नाहीतर हा ओरडला असेल."
लहानू म्हणाला, "मी कशाला ओरडू? मला तर तू सांगितलं तेव्हा कळलं."

मग त्याने मुद्दाम मूठभर बिया पुन्हा जाळल्या. माणूस देव आहे. दर्शू कढईवर वाकली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काही नाही.
वास: काय लिहू?

मीच म्हटलं, ऐक. दूध उतू जाऊन चुलीत पडतं ना, तो. आणि त्यात ओलं गोणपाट. शेवटी शेवटी गूळ, पण करपलेला, तिळाच्या लाडवाचा पाक बिघडतो तसा.
डोळे मिटून म्हणाली, "हा मला माहितीये. संक्रांतीला आईने पाक बिघडवला होता. चार वर्षं झाली." मग डोळे उघडले. "आठवतो. म्हणजे सगळं गेलेलं नाही ना?"

निघताना लहानूने पुडी बांधून दिली, भाजलेल्या बिया. चिखले आल्यावर दर्शू म्हणाली, "उद्या आईला सांगते. बाजाराचा माल भरायच्या आधी. नित्या, तू ये. आणि वाटेत कुठे नट कसायला थांबू नकोस."

सोम. १९
वाटेत होडी ओढत होते, हाक मारली मला. हात केला आणि चालत राहिलो.

काकी बांबूंवरचे बोंबील उतरवत होती. दर्शूने सांगितलं. सरळ, एका दमात, चिकूच्या बरणीसकट. काकीचे हात थांबले नाहीत. सगळी रांग उतरवून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे बाजारात मी तुला जे बोलले..."
दर्शूच्या खांद्यावरचा एक खवला काढला, जो नव्हताच बहुतेक.

मग रागावली. डॉक्टरीणबाईंवर, तापावर, माझ्यावर. "तुला ठाऊक होतं आणि तू हिला कॉफी पाजत फिरतोस?" आणि त्याच रागात एक बोंबील माझ्या नाकाशी आणला. "हुंग."
"मी?"
"मग काय रुप्याला बोलवू? माझं नाक तपकिरीने गेलं कधीच. म्हणून तर हिला बसवलं."
हुंगला. "माशासारखा येतोय."
दोघी एकदम, "डोंबल तुझं!"

पुन्हा हुंगला. पहिला: कोरडा, उन्हातल्या दोरासारखा, मागे मीठ. ठीक. दुसरा तसाच. तिसरा तसाच, पण शेवटी टोचतो, काल रात्रीच्या ताकासारखा. दर्शू पटकन म्हणाली, "तो बाजूला. ओल धरलीय." काकीने मोडून बघितला. मग नुसतं "हं."

तर आता असं. तिचं नाक येईपर्यंत रोज उजाडता मी हुंगायचं, नीट सांगायचं, ती ठरवणार. काकी म्हणाली, "हा दोन दिवसांत पळेल." दर्शू पिशव्या मोजायला लागली. ते जास्त लागलं.

दुपारी रुप्याचा फोन. सापुताऱ्याचं भाडं मिळालंय, पुढची सीट रिकामी, पहाटे निघायचं. सापुतारा मी पाहिलेला नाही. नाही म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं, एकदा त्याला, एकदा मला.

मंगळ. २०
ईको हॉर्न वाजवत घरावरून गेली. मुद्दाम वाजवला. मी तेव्हा बांबूंपाशी होतो.

दर्शूने आधी लहानूची पुडी उघडली. नाक लावलं. डोळे मिटले. मी आणि काकी दुसरीकडे बघत राहिलो, निकालासारखं बघायचं नाही असं ठरलंय.
बराच वेळ लावला तिने.
"काय?" शेवटी काकीच.
"थांब ना," दर्शू म्हणाली, डोळे मिटूनच. "थांब जरा."
मग पुडी उद्यासाठी मिटून कमरेला खोचली आणि बोंबील माझ्यापुढे धरला.