तीन पाट्या, एक घाणा

मी, शालिग्राम पितांबर वाणी, वय चौपन्न, धंदा बातमीदारी, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. मोतीलाल यांनी दिला आहे. पत्नी मंदाबाई हिचे मत वेगळे आहे, ते नोंदवून पुढे जातो.

१. राहते घर मंदाबाईचे. पुढच्या दोन खोल्या लीलाधर शेठच्या सरकीतेल कारखान्याच्या दिवाळी अंकातील पानभर जाहिरातींच्या कमिशनमधून उभ्या राहिल्या. हे तिला आजवर सांगितले नव्हते. खोल्या पाडू नयेत, पण तिथे बसताना माहीत असावे.

२. संस्कृत कोश आणि व्याकरणाची पुस्तके छापखान्यातील हिलाल यांना. वीस वर्षे त्यांनी माझ्या बातम्यांत चुका घातल्या. आता सबब उरू नये.

३. लोखंडी पेटीतील तीन पत्रे त्याच कारखान्यात पंधरा वर्षे राबलेल्या पुष्पाबाई सुकदेव बैसाणे यांना. ही माझी सर्वांत मौल्यवान मिळकत, म्हणून थोडे सविस्तर.

पत्रे लीलाधर शेठच्या हातची आहेत, सन १९८०, ८५ आणि ९० ची. पहिल्यात शिरपूर तालुक्यातील नव्या कारखान्यासाठी शुभ नाव मागितले आहे. पुढच्या दोन्हींत शब्द आहेत, ‘शास्त्रीजी, जुन्याच कारखान्याला नवे नाव हवे.’ मी पाठशाळेत शिकलेला, कोणी विचारले की फुलून जाणारा. वरदायिनी, शुभंकरा, सर्वतोषिणी अशी तीन नावे दिली. दर वेळी शाल आणि नारळ मिळाला. दर वेळी ‘तालुक्यात नवा कारखाना’ अशी बातमीही मीच दिली.

मागास भागात नवा कारखाना काढला की पाच वर्षे विक्रीकर माफ. म्हणून दर पाच वर्षांनी तो नवा होई. पाचवे वर्ष भरायला महिना उरला की पाटी उतरे, आणि कामगारही कागदावर नवे होत. ग्रॅच्युइटी मागण्याइतकी पाच वर्षे कोणाचीच भरत नसत. ८५ साली विक्रीकर कचेरीतल्या एका कारकुनाने मला हे हसत हसत सांगितले. मीही हसलो. जाहिरात नुकतीच आली होती.

माफी भागाचे मागासलेपण जावे म्हणून होती. गाव मागास राहील याची कारखान्याने पंधरा वर्षे काळजी घेतली. गावच्या सरकीचे तेल टँकर भरभरून गेले. सरकारपाशी पैसा नाही म्हणून उपकेंद्राला नर्स मिळाली नाही, ही बातमीही माझीच. त्याच सालात पुष्पाबाईंची सून बाळंतपणासाठी शिरपूरला नेताना बैलगाडीतच गेली. तिची बातमी मी दिली नाही.

यंदा पाटी उतरली तेव्हा पुष्पाबाईंना परत घेतले नाही. त्यांनी कामगार न्यायालयात ग्रॅच्युइटीचा दावा लावला आहे. कंपनीचे म्हणणे, तिन्ही कंपन्या वेगळ्या, एकीतही पाच वर्षांची ‘अखंड सेवा’ नाही. गेल्या महिन्यात त्या माझ्या दारात आल्या. चहा घेतला नाही.

“भाऊ, पाटी नवी शे, पन घाना तोच शे. मी बी तीच शे.”

मी नजर टाळून कोर्टकचेरीच्या दिरंगाईबद्दल काहीतरी बोललो. त्यांनी ऐकून घेतले.

“तुम्ही कंपनीसले तीन नावे दिधात. मना पंधरा वरीसले एक द्या.”

दाव्याची तारीख जानेवारीत आहे. डॉक्टर माझी तारीख त्याआधीची धरतात. म्हणून पत्रे कोर्टात हजर करावीत. तिन्ही नावे एकाच माणसाने, एकाच कारखान्यासाठी, माझ्याकडून घेतली, हे मी येथे लिहून देतो. वकील म्हणतात, मृत्युपत्रात साक्ष बसत नाही. मी बसवली आहे.

४. लीलाधर शेठ माझ्या निधनावर शोकाची जाहिरात देतील. संपादकांनी पूर्ण दर घ्यावा. दुःखाला सवलत नाही.

५. काल शेठचा माणूस पेढे घेऊन चौथे नाव मागायला आला होता. पेढे परत केले. चौथे नाव तयार होते, पण ते पुष्पाबाईंच्या पंधरा वर्षांना दिले आहे: अखंड सेवा.

सही: शालिग्राम पितांबर वाणी

आमच्यासमक्ष सही केली:
डॉ. मोतीलाल सुपडू चौधरी, देवपूर
पुना वना पाटील, पोस्टमन, देवपूर

(पुष्पाबाईंनाही सही करायची होती. ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून त्या बाहेर ओट्यावर बसून आहेत.)

मुक्काम देवपूर, धुळे. ९ नोव्हेंबर १९९५