लिनक्स आणि मेळाव्याचं पुस्तक

गुरुवार, ८ जानेवारी २००९

विंडोज पुसून टाकलं. मीच. चहा पिता पिता.

दिवाळीपासून कॉम्प्युटर छळत होता. व्हायरस. काम रंगात आलं की आपोआप बंद. उल्हासनगरच्या ज्या दुकानातून जोडून घेतला, तिथल्या माणसाकडे एकच औषध — फॉरमॅट. पुन्हा तीच चोरीची सीडी, महिन्याभरात पुन्हा तेच दुखणं. शेवटी राजरत्नने त्याच्याकडची लिनक्सची सीडी दिली. पोस्टाने फुकट मागवलेली. धाकटा भाऊ आहे, पण कॉम्प्युटरच्या बाबतीत माझा गुरू. म्हणाला, "ताई, आधी सीडीवरूनच चालवून बघ. आवडलं तर टाक."

बघितलं. नेट चाललं, प्रिंटरही ओळखला. सगळं कसं स्वच्छ, मातकट रंगाचं. टाकलं. आधी माझ्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, मी काही वेडी नाही.

बाबांनी एवढंच विचारलं, "पुस्तकाचं काम होईल ना?"

होईल म्हटलं. त्यांच्या मंडळाचा बौद्ध वधू-वर मेळावा अठरा तारखेला अंबरनाथला आहे. मुलामुलींच्या माहितीचं पुस्तक दरवर्षी मीच करते. जुनी स्थळं तशीच ठेवायची, नवी घालायची, वयं बदलायची.

शुक्रवार, ९

नाही होणार.

ऑफिसातून आल्यावर पुस्तकाची फाइल उघडली. मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टिंबं, मध्ये कंस, डॉलर, उलटी प्रश्नचिन्हं. पानंच्या पानं. दुसरी फाइल, तिसरी — तेच.

राजरत्नला फोन. आधी हसला. "ताई, त्या फाइलीत मराठी कधी नव्हतंच. इंग्रजीच होतं. तुझा फॉन्ट त्याला मराठीचे कपडे घालायचा. फॉन्ट कॉपी केलास ना?"

फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये होता. मी फक्त माझ्या फाइली घेतल्या. कुलूपबंद पेटी घेऊन आले आणि चावी तिथेच ठेवून घराला आग लावली.

एवढी वर्षं मराठी टाईप करते म्हणून ऐटीत सांगत होते.

शनिवार, १०

ऑफिस सुटल्यावर तशीच उल्हासनगरला. ज्याने फॉन्ट टाकून दिला होता तो दुकान बंद करून इंदूरला गेला. शेजारचा म्हणाला, "वो तो कबका गया, दीदी. मराठी फॉन्ट मेरे पास है ना. लगाके देखो."

त्याच्या मशीनवर लावून बघितला. कपडे मराठी आले, पण दुसऱ्याच कोणाचे. 'वधू'च्या जागी भलतंच काहीतरी. त्यालाही हसू आवरेना. "ये तो मराठी का सिंधी हो गया!" मला रडू आलं, तेव्हा बिचाऱ्याने चहा मागवला.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.

रविवार, ११

सांगितलं. नेमके राजेंद्रकाका बसलेले. मंडळाचे अध्यक्ष — आमच्या घरातलेही तेच, असं त्यांना वाटतं.

"चांगलं चाललेलं मशीन बदलायची हौस कशाला पायजे होती, बेबी? लोकं वर्षभर वाट बघतात. पुस्तक नाय तर मेळावा काय डोंबलाचा? सुदामराव, तोंड दाखवायची जागा राहणार नाय आपल्याला."

चांगलं चाललेलं! एकतीस वर्षांची झाले, अजून बेबी.

बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कपाटातून कागदी फॉर्मचा गठ्ठा काढला, माझ्यापुढे ठेवला. "परत टाईप कर. पहिल्यापासून." ह्या मेळाव्यासाठी हा माणूस रिटायर झाल्यापासून शहाडपासून बदलापूरपर्यंत घरोघरी फिरतो. नाहीच झालं तर कोणाला काय सांगणार?

सोमवार, १२

आठवडाभर रजा टाकली. साहेबांचं तोंड वाकडं.

लिनक्समध्ये खरं मराठी आहे, पण कीबोर्ड वेगळा. अंबरनाथच्या टायपिंग क्लासमध्ये मुरलेली बोटं इथे आंधळी झाली. एक पान करायला सकाळ गेली. वर लोडशेडिंग. सेव्ह न केलेलं एक स्थळ गेलं — शिरगावचा मुलगा, आयटीआय, उंची सगळी नीट भरली होती.

बाबा दाराशी येतात, बघतात, जातात. आई म्हणते, "त्यांनी सकाळपासून काय खाल्लं नाय." म्हणजे मीच खाल्लं त्यांना.

मंगळवार, १३

बोटांना वाट सापडायला लागली. बदलापूरचं 'कात्रप' शोधलं तर सगळे कात्रपवाले धडाधड दिसले. जुन्यात कधी जमलं नव्हतं. मशीनला आता कळतं की हे मराठी आहे. मजा वाटली, थोडा वेळच.

रात्री उशिरापर्यंत बसून मुलगे संपवले. उद्यापासून मुली.

बुधवार, १४

माझा फॉर्म आला.

विसरलेच होते. नाही, विसरले नव्हते. दरवर्षी माझं पान आपोआप पुढच्या पुस्तकात जायचं. मी फक्त वय बदलायचे आणि अपेक्षांच्या रकान्यात बाबा म्हणतील ते. बघायचेसुद्धा नाही नीट. आता अख्खं पान माझ्या हाताने नव्याने लिहायचं.

फॉर्म बाबांच्या अक्षरात. पहिल्या वर्षी त्यांनी सांगितलं होतं — पदवीधर, नोकरी, स्वतःचं घर. मग घर गेलं. मग पदवी गेली. ह्या वर्षी लिहिलंय: 'निर्व्यसनी. बिजवर चालेल.'

कोणाला चालेल? मला विचारलं? आईला विचारलं तर म्हणाली, "राजेंद्रभावजी बोलले, आता वय झालं, तडजोड लागते. तुझ्या बाबांना कुठे लिहावंसं वाटत होतं?" पण लिहिलं ना!

आणि तो स्टेज. नंबर पुकारला की माईक हातात घ्यायचा, नाव, शिक्षण, उंची सांगायची. समोर लोक पुस्तकात बघतात, मग वर बघतात, मग पुन्हा पुस्तकात. गेल्या वर्षी एक बाई शेजारणीला म्हणाली, "ही गेल्या वर्षीपण होती ना?" माईक चालू होता. तिचं खरंच होतं.

नाव टाईप केलं. शिक्षण. उंची. 'बिजवर' पर्यंत आले आणि बोटं थांबली. सगळं खोडलं. फॉर्म गठ्ठ्याच्या तळाशी घातला, पुढची मुलगी घेतली. क्रमांक सरळ लावले, मध्ये भोक दिसत नाही.

बाबांचा मला राग येतो. आणि त्यांना फसवतेय म्हणून माझा. दोन्ही एकदम येतात, काय करू?

गुरुवार, १५

पुस्तक पूर्ण. प्रिंट काढून बाबांना दिलं. ते प्रूफ वाचतात तसं कोणी वाचत नसेल — पेन्सिल धरून, एकेक नाव पुटपुटत. मुली आडनावाप्रमाणे लावलेल्या. बनसोडे झाल्या. मी भांडी उगाच पुन्हा घासत होते. आता भालेराव यायला हवी. आमचं आडनाव.

पुटपुट थांबली.

चष्मा काढला, पुसला, लावला. आईला म्हणाले, "चहा टाक गं." मग मोरे सुरू. शेवटी एक काना राहिलेला दाखवला, बास. त्यांना कळलंच नाही. नजर कमी झालीय, थकलेत. मला सुटल्यासारखं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

शुक्रवार, १६

पेनड्राइव्ह प्रेसवर दिला. मनोहरशेठने फाइल उघडली — सगळं जागच्या जागी. "पहली बार बिना झंझट का आया, मॅडम. कौनसा सॉफ्टवेअर है?" लिनक्स म्हटलं. "डुप्लिकेट?" नाही म्हटलं, ओरिजिनल, फुकट. त्याचा विश्वास बसला नाही.

शनिवार, १७

पुस्तकं आली. राजेंद्रकाका एक घेऊन गेले. ते सगळ्यात आधी माझंच पान काढणार. झोप कसली येतेय!

रविवार, १८

हॉल भरलेला. काका पुस्तक नाचवत स्टेजवर आले, बाबांपुढे उभे राहिले. माईक बाबांच्या हातात होता, चालू. "सुदामराव, घोटाळा झाला. बेबीचं पान राहिलं."

बाबा म्हणाले, "राहिलं नाही. प्रूफ मी वाचलंय." आणि पहिला नंबर पुकारला.