हुद्दा: मॅनेजर

४ फेब्रुवारी
निर्णय झाला. नोकरी बदलायची.
परदेशात येऊन इतकी वर्षं झाली, एकाच कंपनीत लिफ्ट दुरुस्त करतोय. लोकांना वर पोहोचवलं, स्वतः तळमजल्यावर राहिलो. (हे वाक्य झकास जमलंय. राजीनाम्यात घालावं.)
संध्याकाळी सौ.ला सांगितलं. ती मुलीच्या युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, बदला की, पण आपल्या तिघांचं इथलं राहणं तुमच्या वर्क परमिटवर आहे, आणि पोरीची शाळेची शेवटची परीक्षा मे-जूनमध्ये आहे. तेवढं बघून बदला. जणू काही हे मला माहीतच नाही!

७ फेब्रुवारी
माहिती काढली. नियम अगदी सोपा. आधी नवीन कंपनीने आपल्या नावाने परमिटचा अर्ज करायचा. तो मंजूर झाला की मग जुन्या कंपनीत राजीनामा. मध्ये खंड पडला तर बायकोपोरांसकट परत गावी. यात चुकण्यासारखं काहीच नाही. लोक उगाच बाऊ करतात.
ठराव: काम फत्ते होईपर्यंत कुणाजवळ ब्र काढायचा नाही.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
साडूंना सांगितलं. फोन त्यांनीच केला होता, माझा नाइलाज झाला.
साडू बिस्किटांच्या गोदामात मॅनेजर आहेत. हाताखाली चार माणसं, त्यातला एक वॉचमन. तरी लग्नपत्रिकेत त्यांच्या नावाखाली 'मॅनेजर' छापतात आणि माझ्या नावाखाली 'परदेशी असतात'. त्यांनी विचारलं, नव्या ठिकाणी हुद्दा काय? म्हटलं, बोलणी चालू आहेत. अजून कुठे अर्ज केलेला नाही, पण मनातल्या मनात बोलणी चालू आहेतच.

२६ फेब्रुवारी
मुलाखत! मोठी कंपनी. हॉस्पिटलांच्या आणि मॉलच्या लिफ्ट, सरकते जिने, सगळं बघतात. त्यांनी विचारलं, दोन मजल्यांच्या मध्ये केबिन अडकली तर काय कराल? मी डोळे मिटून सांगितलं. मेन स्विच बंद, वर मशीनरूममध्ये ब्रेक सोडायचा, चाक हाताने फिरवत केबिन मजल्याला आणायची, मग किल्लीने दार. ते एकमेकांकडे बघायला लागले. हे बघणं मी ओळखतो. जिंकलो.

३ मार्च
निवड झाली. पगार बरा. पण हुद्दा? सीनियर टेक्निशियन! म्हणजे आत्ता आहे तोच, वर फक्त पांढरे केस.
एचआरच्या बाईंना फोन केला. म्हटलं, मेंटेनन्स मॅनेजर लिहा. त्या म्हणाल्या, व्हिजिटिंग कार्डावर काय हवं ते छापून घ्या, आमची हरकत नाही. म्हटलं, नाही, परमिटच्या अर्जावरही तेच हवं. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना, कॅटेगरी बदलेल, आमचं काय जातंय. मी ठामपणे हो म्हणालो. त्यांनी ते माझ्याकडून ईमेलने लिहून घेतलं. माझा आत्मविश्वास त्यांना आवडला असावा.

४ मार्च
सौ.च्या कपाळाला आठ्या. म्हणते, मॅनेजरच्या कॅटेगरीला डिग्री लागते, तुमचा डिप्लोमा आहे, त्याच्यावरही तो खरा असल्याचे गावाकडचे सरकारी शिक्के मारून आणायचे राहिलेत. म्हटलं, अनुभव नावाची काही चीज असते.
शिक्क्यांचा विषय ती मुद्दाम काढते. मागच्या सुट्टीत गेलो तेव्हा ती लॅब टेक्निशियनचं आपलं जुनं सर्टिफिकेट घेऊन रांगेत उभी होती. माझंही नेते म्हणत होती. पण माझा डिप्लोमा कपाटात वर होता, आणि मला साडूंच्या घराची नवीन फरशी बघायला जायचं होतं. तिचं सर्टिफिकेट आता शिक्क्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत. लग्नानंतर लॅबमध्ये पाऊल टाकलेलं नाही. कागद जपायची हौस, दुसरं काय!

१६ मार्च
नव्या कंपनीत परमिटचं काम एकच माणूस बघतो. खुर्ची, टेबल आणि शिक्के. मी त्याला शिक्केवाला म्हणतो. थकलेला असतो बिचारा. आज म्हणाला, अर्ज गेला. अर्ज गेला म्हणजे झालंच की. मॅनेजरचा अर्ज अडवणार कोण?

१७ मार्च
राजीनामा दिला.
सौ.ला नंतर सांगितलं. मंजुरी हातात आल्यावर द्यायचा, हे ठरलं होतं खरं. पण सकाळी मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात झाडू दिला आणि लिफ्टच्या खालचा खड्डा साफ करून घ्या म्हणाले. मॅनेजर होऊ घातलेल्या माणसाने खड्ड्यात उतरायचं? झाडू ठेवला, खिशातून राजीनामा काढला. खिशात होताच.
साहेबांनी वाचला. 'तळमजल्यावर राहिलो' म्हणजे काय, असं विचारलं. समजावून सांगितलं. म्हणाले, ठीक आहे, एप्रिलअखेर शेवटचा दिवस. थांबा म्हणाले नाहीत. धक्का बसला असणार.
सौ. जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

२ एप्रिल
निरोप समारंभ. लवकर झाला, कारण मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो. भाषण चांगलं झालं. माझ्या जोडीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. लिफ्टचं काम एकट्याने करायचं नसतं, मी वर मशीनरूममध्ये आणि तो खाली खड्ड्यात, अशी आमची जोडी. वर्षानुवर्षं एकमेकांचा फक्त आवाज ऐकलाय.
भेट म्हणून सगळ्यांनी मिळून सुटकेस दिली. चार चाकांची, मोठी. घरी आणली. सौ. तिच्याकडे बघत राहिली. कन्येने विचारलं, बाबा, आपण जातोय का? तिला रागावलो. उगाच रागावलो.

३ एप्रिल
निरोप घेऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी कामावर जाणं जरा चमत्कारिक. जो तो विचारतो, अजून इथेच? चहाच्या वेळी जिन्यात उभा राहिलो.

९ एप्रिल
शिक्केवाला फोन उचलत नाही. मॅनेजरांची फाइल, वरपर्यंत जात असणार.

१३ एप्रिल
सौ. म्हणाली, चौकातल्या हॉस्पिटलच्या लॅबला माणूस हवाय, ती विचारून आली. परमिट तेच काढून देतात म्हणे. शांतपणे म्हटलं, आधी माझं मार्गी लागू दे, मग तुझे छंद बघू. ती आत निघून गेली. अलीकडे फारच कमी बोलते. माझ्यावर विश्वास बसला असावा.

१६ एप्रिल
अर्ज नामंजूर.
कारण: मॅनेजरच्या हुद्द्याला लागणारी डिग्री नाही. शिक्केवाला म्हणाला, टेक्निशियन म्हणून केला असता तर केव्हाच झाला असता. हे त्याने वाईट वाटून सांगितलं, टोमणा नव्हता. त्याचाच जास्त राग आला.
ठीक आहे. टेक्निशियन तर टेक्निशियन. पुन्हा अर्ज करतील. मोठा माणूस छोट्या हुद्द्यालाही शोभतो.

१७ एप्रिल
ती जागा दुसऱ्याला दिली. एचआरच्या बाई म्हणाल्या, आम्हाला टेक्निशियन हवा होता, तुम्हाला मॅनेजर व्हायचं होतं, आम्ही थांबणार किती.
साडूंचा फोन आला. उचलला नाही.

२० एप्रिल
मोठ्या साहेबांकडे गेलो. राजीनामा परत मागितला. म्हणजे मागितला असं नाही, विषय काढला. ते म्हणाले, तुमच्या जागेवर नवीन माणसाचं परमिट आलंय, आता माझ्या हातात काही नाही. मग जरा घुटमळले आणि म्हणाले, जाण्याआधी त्याला काम शिकवाल का?
शिकवतोय. चलाख आहे. सकाळी त्याला खड्डा साफ करायला सांगितला. मुकाट्याने झाडू घेऊन उतरला.

२३ एप्रिल
आणखी तीन कंपन्यांत जाऊन आलो. एक म्हणते पुढच्या वर्षी बघू, एक म्हणते शिक्के कुठायत, तिसरीच्या दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. त्याच्या पाठीमागची लिफ्ट दार लावताना धक्का खात होती. सांगणार होतो त्याला, दोन मिनिटांचं काम आहे. नाही सांगितलं.
कन्येने विचारलं, बाबा, परीक्षा इथे द्यायची की गावाकडे शाळा बदलायची, ते एकदा सांगा, म्हणजे कुठला अभ्यास करायचा ते ठरवते. किती शांतपणे विचारलं. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.
मी घाबरलोय. इथे लिहितो, बाकी कुणाला सांगणार? माझ्या मिजाशीपायी पोरीचं वर्ष जाणार आणि तिची आई मला एक शब्दही बोलणार नाही, हे मला दिसतंय.

२५ एप्रिल
सौ.ने माझे फोटो मागितले. आणि लग्नाचा दाखला. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते तिला समजलेलं दिसतं. माझ्यासाठी कुठेतरी खटपट चालली आहे. वरून दाखवत नाही, पण आहे माझ्या पाठीशी. फोटोत जरा हसरा आलोय. मॅनेजरला शोभेल असा.

२९ एप्रिल
खटपट माझ्यासाठी नव्हती. म्हणजे होती, पण तशी नव्हती.
लॅबची नोकरी सौ.ला मिळाली. परमिटही मंजूर. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं ते सर्टिफिकेट बघून लगेच मंजूर केलं म्हणे. आता मुक्कामाचा अर्ज तिच्या नावाने. अर्जदार: ती. अवलंबित: मुलगी, आणि पती.
मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, सांगितलं होतं, तुम्ही छंद म्हणालात.
पोरगी गळ्यात पडली. आईच्या. मग माझ्याही.

६ मे
कार्ड आलं. माझा हसरा फोटो. हुद्द्याच्या जागी 'अवलंबित'. खाली बारीक अक्षरात, काम करण्यास मनाई. नोकरी मिळवायची तर पुन्हा अर्ज, परवानगी, सगळं पहिल्यापासून.
हा मी एक टप्पा समजतो. विश्रांतीचा. ठराव: सकाळी चालायला जाणे. कन्येला गणित शिकवणे. संध्याकाळी सौ. यायच्या आत कुकर लावणे.

९ मे
कन्या म्हणाली, गणित तिचं ती करेल.
साडूंनी शेवटी गाठलंच. नोकरीचं काय झालं विचारलं. म्हटलं, सध्या फॅमिली बघतो. ते म्हणाले, वा! वा कसला, ते मलाही कळलं नाही.

२० मे
कुकर दोनदा करपला. चालायला गेलो नाही, बूट जुने झालेत. घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. आता एकही दार वाजत नाही, त्यामुळे सौ. आलेली कळत नाही.

२८ मे
संध्याकाळी बिल्डिंगची लिफ्ट अडकली. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. आत सौ. आहे, असं वॉचमन सांगत आला.
लिफ्टच्या आवाजावरून बिघाड ओळखला. दाराचा कॉन्टॅक्ट, म्हणजे दार लागलं की नाही हे सांगणारा स्विच. उसासा टाकून बंद पडते, तीच तऱ्हा. वॉचमनकडून मशीनरूमची किल्ली हिसकावून घेतली आणि 'मीच काढतो' असं ओरडत पायऱ्या चढायला लागलो. किती दिवसांनी अंगात जीव आला होता. तेवढ्यात आतून तिचा आवाज. अहो, हात लावू नका. कार्डावर मनाई आहे, कुणी तक्रार केली तर तिघांनाही जावं लागेल, पोरीचे पेपर चालू आहेत.
थांबलो. किल्ली हातात, काम डोक्यात पाठ, आणि मी जिन्यात उभा.
मग लिफ्टच्या दारावर नंबर होता त्यावर फोन केला. माझ्याच जुन्या कंपनीचा. उचलणारी मुलगी नवीन होती. तिने विचारलं, बिल्डिंगचे मॅनेजर बोलताय का?
म्हटलं, नाही. आत अडकलेल्या बाईंचा नवरा.
माणसं येईपर्यंत तिसऱ्या मजल्यावर दाराला टेकून बसलो. आत ती, बाहेर मी. मध्ये दार असलं की बोलायला सोपं जातं. म्हटलं, तू नसतीस तर आज आपण तिघं त्या सुटकेसवर बसलेले असतो. मला माहीत आहे ते. आतून पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. वाटलं, रडते की काय.
खालून जोडीदाराचा आवाज आला. वर बघ रे, म्हणून ओरडला. नेहमीसारखा मी ओ देणार होतो. वरून नव्या माणसाने दिली.
केबिन हलली. तेव्हा आतून सौ.ने विचारलं, कुकर लावलात का?
लावला नव्हता.