बाबांना आणायला गेलो त्याची हकीकत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा घामाघूम नमस्कार. तुझ्या सासूबाईंनाही सांग. आम्ही सगळे खुशाल आहोत (भाऊजींच्या खुशालीबद्दल पुढे येईलच). तुझा पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाजतं म्हणून विणायची सुई घालू नकोस, असं बाबांनी बजावलंय. फोनला इथे रेंज नाही, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय.

जोडून सुट्टी आहे तर बाबांना घेऊनच या, या उन्हात त्यांना एकटं ठेवायचं नाही, असा तुझा हुकूम. तो शिरसावंद्य मानून आम्ही शनिवारी दुपारी पोचलो. ऊन असं, की अंगणातल्या नळाला हात लावला तर चटका बसत होता. बाबा ओटीवर उघड्या अंगाने पेपर वाचत होते. मी विषय काढला की ते मला विहिरीवर पिटाळायचे, आणि भाऊजींनी काढला की त्यांना ऐकूच यायचं नाही. (जावयाला तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून हे बहिरेपण.) आणि रविवारी सकाळी अचानक म्हणाले, "चला, येतो." मला भरून आलं. माजघरात ट्रंकही भरून तयार होती. उचलायला गेलो तर कंबर धरली. म्हटलं, स्वारी कायमची निघाली.

आता घोटाळा झाला तो एका शब्दाचा. तुला माहीतच आहे, बाबांनी जन्मभर दुकान चालवलं, त्यामुळे 'बंद' हा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही. दुकान 'वाढवतात' हे ठीक, पण ते दिवा, पंखा, रेडिओ, झालंच तर शेजाऱ्याशी चाललेलं भांडणसुद्धा 'वाढवतात' (हे दोन्ही अर्थांनी). निघण्याआधी टाकी भरावी म्हणून भाऊजींनी पंप लावला होता. बाबा आतून ओरडले, "जावईबापू, पंप वाढवा." भाऊजी पडले इंजिनिअर. त्यांनी विचारपूर्वक कॉक पूर्ण उघडला. बाबा पुन्हा म्हणाले, "अहो, वाढवा, वाढवा." भाऊजी म्हणाले, "याहून वाढत नाही." तेवढ्यात न्हाणीघरावरची टाकी ओसंडली आणि पाणी भिंतीवरून थेट माजघरात, ट्रंकेवर. मी धावत जाऊन बटण दाबलं, तोवर भाऊजी घोटाभर पाण्यात उभे राहून प्रेशर किती छान आहे ते सांगत होते.

कपडे वाळत घालावेत म्हणून ट्रंक उघडली. आत एक शर्ट, दाढीचं सामान आणि दुकानातली लोखंडी वजनं. ताई, या माणसाचा बेत तुझा पाय बघून सकाळच्या बसने परत यायचा होता! मी चिडून विचारलं तर म्हणाले, "हलकी ट्रंक उचलून तुला वाईट वाटलं असतं." ओल्या, गार फरशीवर आम्ही तिघेही आडवे झालो. खरं सांगतो, इतकी गाढ झोप मला या उन्हाळ्यात लागली नव्हती.

तरी काळजी नसावी. बाबांना घेऊन उद्या निघतोच आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. उद्या निघत नाही. भाऊजींना माजघरात पुन्हा पाणी सोडायचं आहे. त्यांच्या ऑफिसात पोट बिघडल्याचं कळव.

आणखी ता. क. (सोमवार) बाबा म्हणतात, "पोरगी तिसऱ्या मजल्यावर कोंडून पडलीय, तिलाच इकडे आणा." शुक्रवारी गाडी पाठवतोय, नाही म्हणू नकोस, सासूबाईंनाही घेऊन ये. आज सकाळपासून बाबा ओटीच्या पायऱ्यांवर दुकानाच्या जुन्या फळ्या ठोकत होते. मला वाटलं, रुसलेत. तर तुझ्या कुबड्यांसाठी उतार केलाय. आत्ताच भाऊजींच्या बगलेत दोन बांबू देऊन त्यांना वरून खाली सोडलं. ते अंगणात आडवे झाले. बाबा म्हणाले, "पोरगी यायच्या आधी कळलं ते बरं झालं," आणि सगळ्या फळ्या उपसून पुन्हा ठोकायला बसले.