कळांचं सलाईन

प्रिय आई,

(प्रिय लिहिताना हात जरा अडखळला. तरी लिहिलं.)

काल तुझं तेरावं झालं. पंगती उठल्या, भांडी घासून झाली, आणि बायका सावलीला बसून तुझे गुण गाऊ लागल्या. तुझ्या हातची भाकरी, तुझी मेंढरं, तुझा दरारा. तोवर मलाही रडू येत होतं. मग मावशीनं तोंड उघडलं. "अन् हिंगोलीच्या दवाखान्यात शोभीला कसं वाचवलं तिनं, ठावं हाय का?" तीच गोष्ट! तू गेलीस, पण ती काही घरातून जायला तयार नाही.

तिच्यापायीच हे पत्र लिहिते आहे. तुझी सून सविता ते सगळं कान देऊन ऐकत होती. तिच्या माहेरी करणारं कुणी नाही म्हणून बाळंतपण आपल्याकडंच, हे तुला ठाऊकच आहे. तारीख उलटली, पोटातलं पाणी कमी झालंय, आणि डॉक्टरांनी उद्या बोलावलंय, औषधानं कळा आणायला. दवाखाना दुसरा, डॉक्टर दुसरे. पण काल संध्याकाळी ती भिंतीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "मी न्हाई जात, ताई. सलाईन सोडून ती बाई पळून गेली व्हती ना? आत्याबाई व्हत्या म्हणून तुमी वाचल्या. माझ्याजवळ कोण हाय? मला काहून पाठवून राहिले?" तिचा नवरा, आपला गजानन, तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. तरी नाही.

आता तूच सांग, मी गप्प बसायला हवं होतं का? न गेल्यास बाळाचा जीव जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलंय. मी आज सकाळी तिला सगळं सांगून टाकलं. तुझ्या पाठीमागं बोलल्यासारखं नको, म्हणून तुलाही लिहिते.

आठवतं? हिंगोलीला तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव म्हणायला लागले होते. माझे दिवस भरून वर गेले होते आणि कळांचा पत्ता नव्हता. तू आधी घरचा उपाय केलास. गरम दुधात एरंडेल! वर तेलाचा जाड तवंग, आणि तो वास! "डोळे झाक अन् घटाघट पी." मी प्यायले आणि तुझ्याच लुगड्यावर ओकले. मग दिवसभर परसाकडं पळत होते. कळा सोडून बाकी सगळं आलं.

मग दवाखाना. पाय ठेवल्यापासून तुझं नाक पदराखाली. खिडकी उघडली की मोंढ्याच्या बाजारातली हळदीची धूळ, लावली की फिनेल, रक्त आणि कुणाच्या तरी डब्यातली आंबलेली आमटी. खाटेखालच्या बादलीत कापसाचे भिजलेले बोळे, त्यावर माश्या. संडासात पाय टेकवायला जागा नाही. गादीच्या रेक्झिनवर आधीच्या बाईचा डाग तसाच! तू तो लोटाभर पाणी ओतून घासलास आणि हात धुऊन धुऊन लाल केलेस. तिथं पाण्याचा घोट घेतला नाहीस. अडलेल्या मेंढीच्या पोटात हात घालून पिल्लू फिरवणारी तू, तुला कधी शिसारी आली नाही, आणि त्या खोलीत मात्र तू ओकारी दाबून बसली होतीस. मला तुझी कीव आली होती, आई. मलाही तसंच होत होतं.

आणि ती सिस्टर! एनिमा देताना, केस काढताना, कोण उभं आहे ते न बघता लुगडं वर. तपासायला आली की न सांगता, न विचारता बोटं आत. मी कण्हले की मांडीवर फाडकन चापट. "नवऱ्याजवळ जाताना न्हाई का वरडलीस?" पलीकडच्या खाटेवरच्या बाईची सासू त्यावर फिदीफिदी हसली. त्या दोघींचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

डॉक्टरीणबाई येऊन एवढंच म्हणाल्या, "पिशवीचं तोंड अजून कच्चं आहे, औषध लावू." औषध म्हणजे काय, कुठं लावतात, पुढं काय होतं, काही नाही. काहीतरी गार जेल आत सोडलं आणि पडून राहा म्हणाल्या. मला वाटलं, आता तासाभरात बाळ! अख्खा दिवस गेला, नुसती कंबर ठणकत राहिली. माझ्यानंतर आलेल्या बायका बाळंत होऊन पेढे वाटून गेल्या. तुझं डोकं फिरायला लागलं. "हे काय करून राहिले? लेकीला सडवून राहिले इथं!" या कामाला एक दिवस, कधी दोन दिवसही लागतात, एवढं जरी कुणी सांगितलं असतं तरी तू इतकी कावली नसतीस. विचारायला गेलीस तर आयाबाईनं तुला दारातूनच हाकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणमोट फोडली. कोमट पाणी मांड्यांवरून गादीवर, गादीवरून जमिनीवर. त्यातच मला पडायचं होतं. मग हाताला सलाईन लावलं. सिस्टरनं नळीवरची ती छोटी चक्री फिरवली, घड्याळाकडं बघत थेंब जुळवले आणि जाता जाता म्हणाली, "कुणी हात लावायचा न्हाई." का लावायचा नाही, ते सांगायची तिला गरज वाटली नाही. त्या बाटलीत कळांचं औषध आहे, ते चढवायचं असतं जपून, थोडंथोडं, हे मला फार नंतर कळलं.

आपल्या गावात सलाईन म्हणजे ताकद. ताप आला की बाटली, अशक्तपणा आला की बाटली, आणि ती जितकी भरभर संपेल तितका डॉक्टर हुशार. डॉक्टर वळला की घरचे लोकच चक्री सैल करतात, बाटली संपवतात आणि एसटी गाठतात. आबांच्या तापात पुसेगावच्या दवाखान्यात तूही तेच केलं होतंस. आबा खडखडीत बरे झाले, मग तुला कोण अडवणार?

तू स्टुलावर बसून त्या थेंबांकडं बघत होतीस. एक थेंब. मग बऱ्याच वेळानं दुसरा. "ही बाटली उद्या संपती का काय? पुसेगावला कसं धो धो जातंय." उठलीस. मी म्हणाले, "आई, राहू दे, ती बोलंल." "तिला काय कळतंय! तकलीफ तिला हाय का तुला?" आणि तू अंगठ्यानं चक्री वर सरकवलीस. पुरती सैल. माझ्या डोळ्यांसमोर, आई!

त्यानंतरचं मला लिहवत नाही, तरी लिहिते. बायका सांगायच्या, कळ येते आणि मधे दम देते. मला दम मिळालाच नाही. एक कळ ओसरायच्या आत दुसरी अंगावर. पोट दगडासारखं कडक झालं ते सैल होईना. मी ओरडत होते आणि तू खूश होतीस. "लागल्या बघ आता बराबर कळा!" सिस्टर धावत आली, पोटावर नळकांडं लावून कान दिला आणि तिचा चेहराच उतरला. तिनं झटकन चक्री बंद केली. "कोणी वाढवलं हे?" तू पदर सावरलास. "आमी कशाला हात लावू, बाई? तुमीच तसं सोडून गेल्या."

किती सहज म्हणालीस! घाबरली होतीस, हे मला आता कळतं. पण किती सहज!

मला उचलून आत नेलं आणि पोट चिरलं. पोरगी निळी पडलेली, रडेना. पोटातच शी करून बसली होती, ती तिच्या नाकातोंडात गेलेली. नळीनं ओढून काढली, पाठ चोळली, तेव्हा कुठं तिचा आवाज फुटला. ती तुझी लाडकी नात. आता तिसरीत आहे आणि काल तुझ्या फोटोपुढं फुलं नीट लागली नाहीत म्हणून माझ्याशी भांडली.

तोवर बाहेर तू, सिस्टरच सलाईन तसं सोडून पळाली, असं सगळ्यांना सांगून मोकळी झाली होतीस. मामा जीपभर माणसं घेऊन आला. सिस्टरला व्हरांड्यात घेरलं. हिला काढा, न्हाई तर दवाखाना फोडतो! संध्याकाळी ती बाई पिशवी उचलून निघून गेली. मला हे आयाबाईनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, अगदी चवीनं.

टाके ठणकत होते तरी मी तुला विचारलं. तू म्हणालीस, "कळांच्या भरात व्हतीस तू, तुला काय दिसलं? लेकरू जितं हाय ना? मंग गप पड." मी काही गप पडले नाही. टाके काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "मिटलंय ना आता सगळं? कशाला उकरता?" मामाची जीप पुन्हा दारात नको होती त्यांना. सगळ्यांचीच सोय झाली! घाण तोंडाची बाई, तिच्यावर ढकललं तर कुणाला वाईट वाटणार? तिच्या तोंडाची घाण तिची होती, पण ही घाण आपली होती. ती पुढं कुठं गेली, तिच्या घरी कोण होतं, काही कळलं नाही.

आणि तू? तू ती गोष्ट बारशातच सुरू केलीस. मग हळदीकुंकवात, मग लग्नाच्या मांडवात. दर खेपेला सिस्टर आणखी वाईट व्हायची. आधी ती चहाला गेली होती. मग भजी खात बसली होती. गावात मोबाइल आले तशी ती मोबाइलवर खिदळायला लागली! तेव्हा कुठला गं मोबाइल तिच्याकडं? मी ताटावरून उठून जायचे. तू मागून सांगायचीस, "तिला अजून ती आठवण सहन व्हत न्हाई." बायका चुकचुकायच्या. मला तुझ्या हातचं जेवण नको व्हायचं, इतकी किळस यायची.

तर आज सकाळी. सविता चुलीपाशी बसली होती, मावशी तांदूळ निवडत होती. मी सवितासमोर बसले आणि मला कुणी सांगितलं नव्हतं ते एकेक सांगितलं. आधी जेल लावतात, त्यानं नुसतं तोंड मऊ होतं, लगेच बाळाची वाट बघू नको. तपासताना दुखतं, आधी सांगून तपासा म्हणायचं, लाजायचं नाही. पाणमोट फोडली की ओलंचिंब, किळसवाणं वाटतं, पण पाणी हिरवट दिसलं तर लगेच हाक मारायची. सलाईनच्या कळा एकदम जोरात येतात, पण दोन कळांमधे दम मिळालाच पाहिजे. नाही मिळाला तर शहाण्यासारखं सोसत पडायचं नाही, बोंबलायचं. बाळाचे ठोके वरचेवर ऐकायला लावायचे. एवढं करूनही कधी सिझर करावं लागतं, त्यात तुझी काही चूक नसते. आणि चक्रीला घरच्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

"तसं काहून?" तिनं विचारलं. मग मी चक्रीचं सांगितलं, तुझ्या नावासकट.

मावशीनं ताट बाजूला आपटलं. "जीभ झडंल तुझी, शोभे! काल तेरावं झालं अन् आज मेलेल्या मायवर आळ घेऊन राहिली?" दुपारच्या जीपनं ती सेनगावला निघूनही गेली. जाताना माझ्याकडं बघितलं नाही.

सवितानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आत्याबाईनं काहून केलं मंग असं?" मी म्हणाले, तिला त्या जागेची किळस आली होती, दोन दिवस पाणी प्यायली नव्हती. मला तिथून लवकर बाहेर काढायचं होतं तिला. चक्री फिरवली ती मायेनंच. खोटं बोलली ते भीतीनं. पुढं इतकी वर्षं सांगत राहिली ते कशानं, ते मला नाही माहीत.

मग ती म्हणाली, "त्या असत्या, तर उद्या माझ्याजवळ त्याच बसल्या असत्या ना?"

"हो."

"बाटलीपाशी?"

"हो."

आणि आई, त्या घडीला तू नाहीस याचं मला बरं वाटलं. खरंच, आतून हायसं वाटलं! सख्ख्या आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दवाखान्यातल्या कशाचीच मला एवढी किळस आली नव्हती, जेवढी तेव्हा माझी मला आली. मी उठून मेंढरांच्या वाड्यामागं गेले आणि तिथं पोटभर रडले.

परत आले तर सविता जुनी लुगडी फाडून दुपटी करत होती. वर न बघता म्हणाली, "मी येते, ताई. पण तुमी बसा माझ्यापाशी."

उद्या मी बसेन. एक दिवस लागो की दोन, जागची हलणार नाही. त्या चक्रीला मी हात लावणार नाही आणि कुणाला लावू देणार नाही. समजलं नाही तर विचारीन, हाकललं तर पुन्हा जाऊन विचारीन. आणि यापुढं बायकांत ती गोष्ट निघाली की उठून जाणार नाही. बसून सांगेन, चक्री माझ्या आईनं फिरवली, त्या बाईनं नाही. तुझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं माझ्याजवळ रगड आहे, आणि ते सांगताना मला रडूही येईल. पण आधी हे सांगेन.

तुझी लेक,
शोभा