मासेमारीची वेळ दहा ते पाच

तीर्थस्वरूप दादांस,

सादर नमस्कार. (तुम्ही माझ्याहून काही महिन्यांनी लहान आहात हे मला माहीत आहे, पण बायकोचा थोरला भाऊ तो थोरलाच, शिवाय आज मला तुमच्याकडे काही मागायचं आहे, म्हणून ‘तीर्थस्वरूप’.) तुमची तब्येत कशी आहे? वहिनींचा गुडघा काय म्हणतो? मुलं अभ्यास करतात की तुमच्यावर गेली आहेत? तुमच्याकडे उन्हाळ्यातही पंखा लावावा लागत नाही असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं होतंत. ते वाचून मी पत्र फाडणार होतो, पण तुमच्या बहिणीने हातातून काढून घेतलं. आमची खुशाली विचाराल, तर माझ्या नाकाची सालं निघाली आहेत, मानेवर कॉलरची रेघ भाजून पक्की झाली आहे आणि बसल्या जागी डोळे मिटतात. बाकी सर्व क्षेम.

पत्रास कारण तुमचे वडील.

बाबा नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले तेव्हा तुम्ही निरोपसमारंभाला येऊ शकला नाहीत (रजा नामंजूर झाली, हे कारण बाबांना अतिशय पटलं, रजा नामंजूर होण्यावर त्यांची श्रद्धा आहे). त्या समारंभात कचेरीतल्या मंडळींनी त्यांना मासे पकडायची काठी दिली. साहेबांना काही छंद नाही, आता वेळ कसा जायचा, असा कुणीतरी कळवळा दाखवला म्हणे. त्या कळवळ्याच्या माणसाचा मी शोध घेतो आहे. बाबा एक आठवडा घरी बसले. पुढच्या सोमवारी दाढी, आंघोळ करून, इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा सदरा, चामडी बूट, खिशाला पेन अशा थाटात निघाले आणि गावाबाहेरच्या तलावावर बरोबर दहाला हजर झाले. तेव्हापासून रोज दहा ते पाच. त्या तलावात बास नावाचा मासा आहे आणि तो पकडायचा असं त्यांनी जाहीर केलं. (त्या नावावरून जो विनोद करता येतो तो तुमच्या बहिणीने बऱ्याच वेळा केलेला आहे, तेव्हा मी करत नाही.) माझी शाळा सुटीमुळे बंद. चित्रकलेच्या मास्तराला सुटीत कसलं काम, असं परस्पर ठरून मला बाबांच्या सोबतीला लावून देण्यात आलं. मी माणूस आहे, गळाचं बूच नव्हे, हे मी बोलून दाखवलं. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या वाक्याला काही वजन राहत नाही.

आता दादा, उन्हाळ्यात बास कसा पकडतात हे जगाला माहीत आहे. पहाटे यायचं, पाणी गार असतं, मासा काठाशी खायला येतो, तासा-दोन तासांत काम आटोपून घरी जायचं. नाहीतर ऊन कलल्यावर यायचं. भर दुपारी हा मासा कुठेतरी खोल, सावलीला, तोंड मिटून पडून राहतो, आणि शहाणी माणसंही तेच करतात. तलावाच्या तोंडाशी गांडुळं विकणाऱ्या काकू आहेत, त्या नऊला दुकान बंद करतात, कारण नऊनंतर गिऱ्हाइकच नसतं. बाबांसाठी म्हणून त्या एक डबी फ्रिजमध्ये ठेवून जातात आणि दुकानाची एक किल्ली त्यांनी मला देऊन ठेवली आहे. आम्ही तलावावर पोचतो तेव्हा मासे घेऊन परतणारी माणसं आम्हाला वाटेत भेटतात. पहिल्यांदा हसायची. आता हसत नाहीत, माझ्याकडे बघून मान हलवतात, आणि ते जास्त लागतं.

तलावावर कचेरीची सगळी शिस्त लागू आहे. मी एकदा सव्वादहाला पोचलो तर बाबांनी फक्त मनगटावरचं घड्याळ पुसलं. डोळा लागला तर “जावईबापू, कामाच्या वेळी झोप बरी नाही” असं हळू आवाजात सांगतात. दीडला जेवणाची सुटी. दोरी वर घ्यायची, काठी आडवी ठेवायची, डबा उघडायचा. एकदा दोरी वर घ्यायची राहून गेली आणि आम्ही आई करून देतात त्या भाताचा दुसरा घास घेत असताना बूच चक्क हललं. मी ओरडलो. बाबांनी भरल्या तोंडाने पाण्याकडे पाहिलं, डावा हात वर केला आणि तळवा दाखवला. जेवणाच्या सुटीत कचेरीच्या खिडकीशी आलेल्या माणसाला दाखवतात तसा. बूच थोडा वेळ हललं आणि थांबलं. रविवारी आणि दुसऱ्या शनिवारी सुटी. रविवारी जाऊ या का, असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं, तर बाबा इतके दुखावले की दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्या मंगळवारी बाबा स्टुलावरून घसरले. म्हणजे पडले नाहीत, सावकाश, बसल्या बसल्याच एका बाजूला कलले आणि “पंखा जरा वाढवा” म्हणाले. तलावावर पंखा कुठला, दादा? मी त्यांना काकूंच्या बंद दुकानाच्या आडोशाला नेलं, डोक्यावर पाणी ओतलं (इस्त्रीचा सदरा ओला झाला म्हणून त्या अवस्थेतही त्यांनी नाराजी नोंदवली), आणि रिक्षा करून दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, “आणखी एकदा असं झालं तर मग माझ्या हातात काही नाही. उन्हात बसणं बंद. जायचंच तर दहाच्या आधी जा, नाहीतर पाचनंतर.” बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दहाच्या आधी जाऊन काय बाहेर उभा राहू?” बुधवारी त्यांनी आजारपणाची रजा घेतली. गुरुवारी दहाला हजर.

मग मी डोकं चालवलं, आणि मी डोकं चालवलं की काय होतं ते तुम्हाला तुमच्या बहिणीने कळवलेलं आहेच. बाबांना माणसाचं पटत नाही, कागदाचं पटतं. तेव्हा मी घरी बसून एक परिपत्रक तयार केलं: उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे मासेमारीची वेळ सकाळी सहा ते नऊ करण्यात येत आहे, संबंधितांनी नोंद घ्यावी. अक्षर माझं, म्हणजे छापल्यासारखं. गोल शिक्का मी बटाट्यावर कोरला आणि जांभळ्या शाईत बुडवून उमटवला. स्वतःचं कौतुक करू नये, पण शाळेच्या शिक्क्याहून तो बरा आला होता. शुक्रवारी बाबांच्या आधी जाऊन ते तलावाच्या लाकडी धक्क्याच्या खांबाला डकवलं. बाबा आले, चष्मा लावून त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, खिशातलं पेन काढून एक वेलांटी दुरुस्त केली आणि म्हणाले, “जावक क्रमांक नाही. ग्राह्य धरता येत नाही.” मग थोडं पुढे झुकून वास घेतला. “बटाटा का?” मी हो म्हटलं. “छान झालाय,” असं म्हणून ते स्टूल उघडून उन्हात बसले.

आणि आता परवाचं. हे लिहितानाही मला थकवा येतो. सबंध दिवस पाण्यावर माशीसुद्धा बसली नव्हती. पाच वाजले. मी डबे पिशवीत भरत होतो आणि बाबा दोरी गुंडाळत होते, तेवढ्यात बूच गडप झालं आणि काठी अशी वाकली की मला वाटलं मोडलीच. पाण्यातून बास उसळला. हिरवट पाठ, पांढरं पोट, हातभर लांब, आणि तोंड एवढं मोठं की त्यात माझी मूठ गेली असती. ज्याच्यासाठी माझी सुटी, नाक आणि मान गेली, तो हा. मी चपला घालूनच पाण्यात शिरलो. बाबांनी त्याला शांतपणे काठाशी आणला, हात ओले केले, गळ अलगद सोडवला, घड्याळात पाहिलं आणि “आता बंद झालं, उद्या या” असं सांगून त्याला परत पाण्यात सोडून दिलं. दादा, त्यांनी माशाला ‘या’ म्हटलं. माझ्याशी या सुटीत एकदाही कुणी इतक्या आदराने बोललेलं नाही. मी गुडघाभर पाण्यात तसाच उभा राहिलो. बाबा पिशवी उचलून वाटेला लागलेसुद्धा होते.

तेव्हा आता हात जोडून विनंती. तुम्ही या आणि बाबांना तुमच्याकडे घेऊन जा, निदान ऊन उतरेपर्यंत. तुमच्याकडे हवा थंड, तलाव नाही, आणि तुमचा शब्द ते मोडणार नाहीत, कारण तुम्ही त्यांच्यापेक्षा वरच्या श्रेणीत आहात. माझं ते ऐकत नाहीत. माझ्या देखत त्यांना काही झालं तर मी तुम्हाला आणि आईंना तोंड कसं दाखवू? थट्टा बाजूला ठेवून लिहितो आहे. हट्टी आणि विक्षिप्त म्हातारा आहे, पण मला त्याची भीती वाटते आणि त्याच्यासाठीही वाटते. लवकर या.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
उन्हाने अर्धा उरलेला मेहुणा

ता. क. येऊ नका. पत्र काल पाकिटात घालायचं राहिलं ते बरं झालं. काल परतताना माझा तोल सुटला आणि मी भर रस्त्यात बाबांना विचारलं, तुम्हाला तो मासा हवा आहे की नको? बाबा म्हणाले, “मासा कुणाला हवाय, जावईबापू? घरी नेला तर साफ कोण करणार? तुमच्या सासूबाईच ना?” मग काकूंच्या दुकानापाशी थांबून म्हणाले, “आठवडाभर घरी बसलो होतो ना, तेव्हा लक्षात आलं. दुपारी ती जमिनीवर चटई टाकून, पदर सैल करून आडवी होत असणार. इतकी वर्षं. मी घरात, तर ती खुर्चीत ताठ बसून पेंगायची. मी म्हटलं, झोप ना. तर म्हणाली, तुम्ही आहात ना घरात. आता सांगा, मी पहाटे तलावावर जाऊन काय उपयोग? पहाटे ती उठलेलीच असते.” आणि पाचनंतर एक मिनिटही थांबत नाहीत ते का, तेही कळलं. पाचचा चहा ती दोघं लग्नापासून बरोबर घेतात. वर जिथे हट्टी आणि विक्षिप्त लिहिलं आहे ते खोडणार होतो, पण कागद खराब दिसेल, तुम्हीच मनात खोडा. आणि तुम्ही बाबांना नेलंत तर इथे आईंची दुपार सुटेल, पण तिकडे वहिनींची जाईल.

ता. क. दुसरा. डॉक्टरांना मी जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, मग सावलीत बसवा. त्यामुळे आजपासून आम्ही धक्क्याच्या फळ्यांखाली, काठालगत बसतो. तिथे बसल्यावर समजलं की दुपारचे सगळे बास तिथेच, सावलीत, पडून असतात. आमच्याकडे बघतात, आम्ही त्यांच्याकडे बघतो, कुणी कुणाला त्रास देत नाही. मात्र तीननंतर तिथेही ऊन येतं. तेव्हा खरी मागणी अशी की तुमच्या गच्चीतल्या टेबलावर ती भली मोठी छत्री आहे, ती पार्सलने पाठवा. तुम्हाला तिकडे ऊन कुठे आहे? बाबांसाठी म्हणून मागतो आहे, माझी शाळा उघडली की मी काही तिथे नसणार.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. आज सकाळी मी तुमच्या बहिणीला म्हटलं, बाबांची आता काळजी नाही, ते सावलीत असतात, तर आजपासून मी घरीच राहीन म्हणतो, तुलाही सोबत. ती पोळी लाटता लाटता थांबली. “अहो, जा ना तुम्ही,” म्हणाली, “बाबांना तेवढंच बरं वाटतं.” आणि डबा आधीच भरलेला होता. मी चपला घालून जिना उतरलो, पिशवी विसरली म्हणून परत वर गेलो, तर दार लोटलेलं होतं आणि आतून चटई झटकल्याचा आवाज आला. मी पिशवी न घेताच तलावावर आलो आहे. छत्री दोघांपुरती आहे ना, तेवढं बघून पाठवा.