फ्रेंच टबातली द्राक्षं

रास अल खैमा,
४ फेब्रुवारी

प्रिय रुपेशदादा,

नमस्कार. मी बरी आहे. वहिनीची मान कशी आहे? हंगामभर मान वर करून कात्रीने घडांचं थिनिंग, एकेक मणी विरळ करत राहिल्यावर दुखणारच. तिला म्हणावं, दोन दिवस तरी पडून राहा. अजमानचा नागेश उद्या गावी निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. पासपोर्ट आला, सूट शिवायला टाकला, सरपंचांना सांगितलं, हेच सुरू असतं तुझं.

दादा, तू इथे येऊ नकोस.

आमच्या रिसॉर्टने तुला चौदा तारखेला 'फ्रेंच द्राक्षमळा महोत्सवा'ला बोलावलंय, द्राक्षं पिकवणारा शेतकरी म्हणून. महोत्सव शातो व्हर्दलाक नावाच्या फ्रेंच वाइन घराण्याचा. रोज संध्याकाळी मी माइकवर त्यांचा इतिहास सांगते. तीनशे वर्षांचा मळा, खडकाळ उतार, ओकची पिंपं. मग मुळं खाणारी कीड आली, सगळ्या वेली मेल्या, आणि अमेरिकन खुंटावर कलमं बांधून मळा पुन्हा उभा राहिला. हे सांगताना मला आपल्या वेलींखालचं डॉगरिजचं खुंट आठवतं आणि आवाज चांगला लागतो. पाहुणे टाळ्या वाजवतात.

मग लाकडी टब उघडतात. शी! त्यात द्राक्षं ओतलेली असतात आणि पाहुणे चपला काढून वर नाचतात. तिकीट साडेतीनशे दिरहॅम, म्हणजे आपले आठ हजारांच्या वर. नेलपॉलिश काय, सनस्क्रीन काय! काल एकाच्या टाचेवरची पट्टी सुटून रसावर तरंगत होती. एक बाई तर विझवलेली सिगारेट त्यातच टाकून गेली. वाइन-बिइन काही होत नाही त्याची, नंतर पाइप लावून सगळं गटारात. तो वास माझ्या केसांतून जात नाही.

ती द्राक्षं तुझी आहेत. खोक्यावर आपल्या प्लॉटचा नंबर मी स्वतः वाचला.

तुझा माल त्यांनी कुठून तरी शोधून काढला असं मी फोनवर म्हणाले, ते खोटं. आमच्या मॅनेजर यम्ना मॅडमनी विचारलं, बिनबियांची देखणी द्राक्षं कुठे मिळतील, आणि मीच मोठ्या तोऱ्यात तुझा नंबर दिला. मला वाटलं होतं, पाहुण्यांच्या ताटात जातील.

शातोकडून एतिएन नावाचे म्हातारे आलेत, चाळीस वर्षं तिथे वाइन करणारे. ते टबाकडे पाठ करूनच बसतात. म्हणाले, आमच्याकडे आजोबांच्या काळानंतर कुणी पायाने तुडवलेलं नाही, आणि ही तर खायची द्राक्षं. काल त्यांनी खोक्यातला घड उचलला, देठावरच्या कात्रीच्या खुणा बघितल्या आणि विचारलं, एवढ्या निगुतीने मणी कुणी विरळ केले? मी म्हणाले, माझ्या वहिनीने. ते माझ्या पायांकडे बघत राहिले.

पाय गुडघ्यापर्यंत बरबटलेले होते. हो दादा, पाहुणे लाजतात म्हणून आधी आम्ही पोरी टबात उतरतो. "यल्ला, स्माइल!" असं मॅडम ओरडतात आणि मी हसते. नऊ दिवस झाले. पहिल्याच दिवशी नंबर वाचला होता, तरी उतरले. मला माझीच किळस येते रे.

उद्या मी उतरणार नाही, मॅडमना तसं सांगणार आहे. नोकरी खलास होईल बहुतेक. पण तुला फेटा बांधून त्या टबाशेजारी उभं करणार, फोटोत हसायला लावणार, ते मला बघवणार नाही. गावात विचारलं तर बिनधास्त माझ्यावर ढकल. वहिनीला मात्र हे पत्र पूर्ण वाचून दाखव, माझी बाजू घेत बसू नकोस.

मी परत आले, तर तिला विचारूनच मला दारात उभी कर.

तुमच्या कष्टावर पाय दिलेली,
संपदा